पॅरिस–ब्रेस्ट ते नाशिक

६ सप्टेंबर १८९१ रोजी पॅरिसहून दोनशेहून अधिक सायकलस्वार ब्रेस्ट बंदराकडे निघाले. जाऊन-येऊन जवळपास बाराशे किलोमीटरची ही शर्यत होती आणि घड्याळ कुठेच थांबणार नव्हतं. शर्यतींवरच पोट असलेला शार्ल तेराँ तेव्हा ३४ वर्षांचा होता. त्याच्या चाकांना मिशेलिनचे काढता-घालता येणारे नवे हवेचे टायर होते. ते वाटेत पंक्चर झाले, दुरुस्तीत बराच वेळ गेला आणि त्याचा प्रतिस्पर्धी जिएल-लाव्हाल पुढे निघून गेला. परतीच्या वाटेवर गँगाँ गावात लाव्हाल झोपल्याची खबर तेराँच्या माणसांनी आणली. तेराँ गुपचूप पुढे सटकला. ७१ तास २२ मिनिटांनी तो पॅरिसला पोचला तेव्हा त्याने रस्त्यात एकदाही झोप घेतलेली नव्हती.

पुढे ही वाट हौशी सायकलस्वारांचीही झाली. त्याच धर्तीच्या २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे म्हणजे आपल्याकडच्या बीआरएम. त्यांत पहिला-दुसरा नंबर नसतो. २०० ला साडेतेरा तास, ६०० ला ४० तास. ठरलेल्या ठिकाणी नोंद करत वेळेत पोचायचं, एवढंच. एका हंगामात चारही केल्या की ‘एसआर’ म्हणजे ‘सुपर रँडोनर’ हा किताब.

नाशिककरांनी मनावर घेतली ती हीच लांब पल्ल्याची सायकल. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी पायी पंढरपूरला जाते त्या जिल्ह्यातून आता सायकलवारीही जाते. कष्टाने अंतर कापण्याचं अप्रूप इथे जुनंच आहे.

२०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे भाऊ ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’त उतरले. एक भूलतज्ज्ञ, दुसरे दंतवैद्य. प्रशांत महासागराच्या किनाऱ्यापासून अटलांटिकच्या बाजूला अॅनापोलिसपर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर, मध्ये वाळवंट आणि रॉकी पर्वत. एक सायकलवर असताना दुसरा गाडीत पाठ टेकणार, की पुन्हा पाळी. दोघांच्या संघाला मुदत नऊ दिवसांची होती. त्यांनी ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत शर्यत पुरी केली. ही शर्यत पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ. तेराँचा सायकल शर्यत हाच पेशा होता, हे दोघे रुग्ण सांभाळून सराव करत होते. त्यामुळे त्यांची कामगिरी मला अधिक मोठी वाटते.

दोनच वर्षांनी नाशिकमध्ये नेमणुकीवर असलेले लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ एकट्याने उतरले. आदल्या वर्षी त्यांना शर्यत अर्धवट सोडावी लागली होती. या वेळी पाळी घ्यायला दुसरं कुणी नाही, मुदत बारा दिवसांची. ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांत ते पोचले आणि मुदतीत एकट्याने शर्यत पुरी करणारे पहिले भारतीय ठरले. त्यांच्यामागून काही तासांतच नागपूरचे डॉ. अमित समर्थ पोचले. तेही डॉक्टरच.

नोव्हेंबर २०२० मध्ये हितेंद्र महाजन यांचा १७ वर्षांचा मुलगा ओम सायकलवर श्रीनगरहून निघाला आणि ८ दिवस ७ तास ३८ मिनिटांत कन्याकुमारीला पोचला.