हाय डेफिनिशन : किती रेघांचे?

जाहिरातीतले 'हाय डेफिनिशन' हे शब्द बरेच जुने आहेत. ब्रिटनमध्ये सेल्सडन समितीने १९३५ साली ते किमान २४० रेघांच्या चित्रासाठी वापरले. त्याआधी बेअर्डचे चित्र अवघ्या ३० रेघांचे असे. त्या मानाने २४० म्हणजे चैनच! २ नोव्हेंबर १९३६ रोजी बीबीसीने लंडनहून नियमित प्रक्षेपण सुरू केले, तेव्हा बेअर्डची २४० आणि मार्कोनी-ईएमआयची ४०५ रेघांची पद्धत आलटून पालटून वापरत. फेब्रुवारी १९३७ मध्ये ४०५ची सरशी झाली. मात्र या ४०५पैकी चित्राच्या रेघा ३७७च. बाकीचा वेळ इलेक्ट्रॉन शलाका तळातून पुन्हा वर नेण्यात जाई.

आकडा मोठा दिसावा, ही सोय पुढेही राहिली. १०८० ही ठिपक्यांच्या ओळींची संख्या. 'फोर के'मधले चार हजार मात्र एका ओळीतले ठिपके, तेही पुरते नाहीत : ३८४०. ओळी २१६०, म्हणजे दुप्पटच.

'अपस्केलिंग'चे काय? वर्गात करून पाहू. आलेख कागदावर मोठ्या चौकटी रंगवून 'ष' काढा. चौकटी फारच मोठ्या घेतल्या, तर मधली तिरकी रेघ हरवून 'प' उरतो. आता प्रत्येक चौकटीचे चार भाग करून शेजाऱ्यांवरून रंग भरा. कडा गुळगुळीत होतील, पण अक्षर 'प'च राहील. हल्लीचे संच असंख्य चित्रांवरून शिकलेल्या अंदाजाने ती रेघ कदाचित काढतीलही. पण मूळ अक्षर खरोखरच 'प' असले, तरीही!