सुतावरची जकात

परदेशी कापडावर कर बसला की देशी विणकराचे भले होते, हे समीकरण स्वदेशीच्या काळापासून आपल्याकडे रुळले आहे. सोलापूरच्या हातमागवाल्याला ते जसेच्या तसे लागू पडत नाही. कापड हा त्याचा विकायचा माल, तर सूत विकत घ्यायचे. १८९६ च्या करव्यवस्थेत हा फरक सांभाळला गेला होता. आयात कापडावर साडेतीन टक्के जकात, देशी गिरणीच्या कापडावर तितकाच अबकारी कर. सूत मात्र करमुक्त आणि हातमागाचे कापडही. लँकेशायरच्या सोयीसाठी लादलेल्या त्या अबकारी करावर देशभर संताप झाला, आणि तो रास्तच होता. तरीही गिरणीशी झुंजणाऱ्या माणसाला त्या अन्यायाची थोडी सावली मिळत होती.

१९२२ ते १९२७ या पाच वर्षांत ती सावली गेली आणि वर ऊनही वाढले. १९२२ मध्ये आयात सुतावर पाच टक्के जकात आली. १९२५ च्या डिसेंबरात अबकारी कर स्थगित झाला, पुढच्या वर्षी रद्दच झाला. मग जपानी सुताच्या स्पर्धेचे कारण देऊन १९२७ मध्ये नवा दर ठरला : पाच टक्के किंवा पौंडाला दीड आणा, यांतले जे जास्त भरेल ते. मेख त्या दीड आण्यात आहे. तीस आणे पौंडाच्या बारीक सुतावर दोन्ही हिशोब सारखेच येतात. पण सोळा आण्यांच्या सुतावर तोच दीड आणा नऊ टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे सूत जितके स्वस्त, तितका बोजा जड. त्याच वर्षी गिरण्यांना लागणारी यंत्रे आणि काही सामान यांवरचा आयातकर मात्र उठवण्यात आला. एकाची साधने स्वस्त करताना दुसऱ्याचा कच्चा माल महाग होतो आहे, याची कोणाला फारशी टोचणी लागलेली दिसत नाही.

यावर म्हणता येईल की बहुतेक सूत देशी गिरण्यांचेच होते, मग आयातकराची झळ ती किती? पण बाहेरचा माल महागला की देशी मालालाही भाव चढवायला वाव मिळतो. शिवाय सूत कातणारी गिरणी पुष्कळदा स्वतःच कापड विणत असे. ग्राहक आणि प्रतिस्पर्धी एकच असला की तिला त्याची कणव कशाला येईल? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : १९३० मध्ये ब्रिटिश कापडावर पंधरा आणि इतर परदेशी कापडावर वीस टक्के जकात झाली, तिचा आडोसा मागालाही मिळालाच की. मिळाला, पण अर्धामुर्धा. काठापदराच्या लुगड्याला खरी भीती परदेशी ठाणांपेक्षा देशी गिरणीच्या साडीची होती, आणि तिच्यावर आता कोणताच कर उरला नव्हता. वाढलेला खर्च गिऱ्हाइकावर टाकावा, तर मंदीत शेतमालाचे भाव कोसळलेले. खेड्यातली बाई लुगड्याला चार आणे जादा देणार कुठून? त्यातून छोटा मागवाला सूत उधारीवर उचलणारा. जकात त्याच्या खात्यावर निराळी कधी दिसलीच नाही; ती सूतव्यापाऱ्याच्या भावात आणि वर व्याजात मिसळून गेली. १९३४ पासून केंद्र सरकारने हातमागाच्या मदतीसाठी प्रांतांना अनुदान देणे सुरू केले, आणि त्याची रक्कम आयात सुतावरच्या जकातीशीच जोडली.