आधी किरायाची खोली, मग घर

रामपायलीच्या मंडळींनो, कार्तिक पुनवेची जत्रा जवळ आली की आमच्या घरी एक जुना वाद निघतो. आजोबांनी नागपूरचं घर का घेतलं नाही? यंदा हा वाद थेट दुबईपर्यंत गेला, म्हणून लिहून ठेवतो.

आज आपली कामं बालाघाट, जबलपूर, भोपाळला होतात. आजोबांच्या काळी सगळं नागपूर होतं. १८६१ साली मध्य प्रांत झाला तेव्हापासून तीच राजधानी, आणि १९३६ पासून हायकोर्टही तिथंच. १९५१ साली मालगुजारी गेली. आजोबा लहानसे मालगुजार. घरची जमीन कोणती आणि सरकारजमा कोणती, यावरून दावा लागला आणि नागपूरच्या चकरा सुरू झाल्या.

धान घरी आलं, जत्रा झाली की आजोबा-आजी निघायचे. बैलगाडीनं वारासिवनी, तिथून छोट्या गाडीनं बालाघाट, गोंदिया, मग मोठी गाडी. महालात किरायाची एक खोली होती. फाल्गुनापर्यंत मुक्काम, शिमग्याला परत. आजीला ती खोली कधी आवडली नाही. "दुसऱ्याच्या भितीत खिळा ठोकाले बी इचारा लागते," असं ती म्हणायची. तुळस डब्यात लावून न्यायची, डब्यातच परत आणायची.

१९५४ मध्ये त्याच गल्लीत एक घर विकायला निघालं. आजी अडून बसली. आजोबांचं एकच, "आदी राहून पाय, मंग इकत घे. दावा सरू दे." ते घर शेवटी आमच्या चुलत आजोबांनी घेतलं. त्यासाठी नदीकडच्या धानाच्या चार बांध्या विकल्या.

दोन वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, राज्यांची फेररचना झाली. नागपूर, भंडारा मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं. राजधानी भोपाळला, हायकोर्ट जबलपूरला. आजोबांच्या दाव्याचे कागदही जबलपूरला गेले. कालपर्यंत ज्याला आपलं शहर म्हणत होतो, ते दुसऱ्या राज्यात! आजोबांनी महिन्याभराचा किराया चुकता केला, भांडी बांधली आणि खोली सोडली. तुळशीचा डबा आजीनं मांडीवर घेतला.

चुलत आजोबांना असं उठून येता आलं नाही. रिकाम्या घरात त्यांनी किरायेदार ठेवले, आणि तिथंच अडकले. तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडचा १९४९ चा घरभाडे नियंत्रण आदेश लागू होता. रेंट कंट्रोलरच्या परवानगीशिवाय किरायेदार काढता येत नव्हता. राज्य बदललं तरी हा आदेश विदर्भात टिकला, तो २००० साली महाराष्ट्राचा नवा भाडे कायदा येईपर्यंत! चुलत आजोबा त्या घरात स्वतः एक हिवाळाही नीट राहिले नाहीत. बांध्या गेल्या त्या गेल्याच.

पण खरं सांगायचं तर हिशेब इथं संपत नाही. पुढं त्यांच्या नातवंडांना त्याच घराचे चांगले पैसे मिळाले. आजीनं तर आजोबांना शेवटपर्यंत टोमणे मारले. १९६० नंतर महाराष्ट्राचं सरकारच दर हिवाळ्यात अधिवेशनाला नागपूरला येऊ लागलं, तेव्हा ती म्हणाली, "सरकारले बी हिवाळ्यात नागपूर लागते, अन् आमालेच नाई लागत!"

आता दुबई. मुलगा तिथं नोकरीला आहे. त्याचं म्हणणं, तुम्ही दोघं दर हिवाळ्यात इथं या, एक लहान फ्लॅट घेऊन टाकू. परदेशी माणसाला तिथं ठरावीक भागांत मालकी हक्कानं घर घेता येतं. २००२ पासून ही दारं उघडली, २००६ मध्ये नोंदणीचा कायदा झाला. इकडून एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवताही येतात. पण पैसे कुठून? उरलेल्या बांध्या विकून. मला चुलत आजोबा आठवले. २००८ मध्ये चढ्या भावानं घर घेतलेल्यांचं पुढच्या वर्षी भाव कोसळल्यावर काय झालं, तेही आठवलं.

म्हटलं, एक हिवाळा किरायानं राहून पाहू. गेल्या वर्षी राहिलो. किरायाचे चेक आधीच लिहून द्यावे लागतात, करार सरकारी नोंदीत चढतो, हे कळलं. घर मालकीचं असलं तर कुलूप लावून गेलात तरी इमारतीचा वार्षिक खर्च चुकत नाही, हेही कळलं. हवा छान, दवाखाना जवळ. पण दुपारी बोलायला माणूस नाही. जत्रा आम्ही मोबाईलवर पाहिली. बायकोनं रामाची तसबीर नेली होती. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, असं घरमालकानं बजावलेलं. तसबीर चार महिने फ्रिजवर टेकून उभी होती. मला आजी आठवली आणि हसूही आलं.

मुलाला कळवलं आहे, यंदाही किरायानंच. आणि जत्रा झाल्यावर निघू, आधी नाही. बांध्या राहू दे. तो थोडा नाराज आहे. आजीसारखा तोही उद्या मला टोमणे मारेल, कदाचित बरोबरही ठरेल. पण सोडून येता येईल अशी खोली अन् परत येता येईल असं गाव, दोन्ही हाताशी असावं, एवढं आजोबांकडून शिकलो.

तुमच्या घरीही कोणाची नागपूरला किरायाची खोली होती का? असेल तर जरूर लिहा.