केटामाइन शिरांतर्गत उपचार

केटामाइन शिरांतर्गत उपचार म्हणजे केटामाइन हे भूल देण्याचे औषध अल्प मात्रेत सलाइनवाटे देऊन, इतर औषधांना दाद न देणारे तीव्र नैराश्य किंवा जुनाट वेदना कमी करण्याची उपचारपद्धती होय.

== इतिहास ==
१९६२ मध्ये अमेरिकेत कॅल्विन स्टीव्हन्स यांनी केटामाइन तयार केले. १९७० मध्ये तेथे भुलीसाठी त्यास मान्यता मिळाली. नैराश्यावरील त्याचा परिणाम दाखवणारा एक छोटा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला.

== कार्य ==
केटामाइन मेंदूतील एनएमडीए ग्राहींना अवरोध करते. नैराश्यात सामान्यतः दर किलो वजनामागे ०.५ मिलिग्रॅम औषध सुमारे ४० मिनिटांत देतात. नेहमीच्या गोळ्यांना काही आठवडे लागतात; येथे काही तासांतही आराम पडू शकतो. मात्र एका मात्रेचा परिणाम बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरतो.

== धोके ==
उपचारादरम्यान रक्तदाब वाढतो व भोवतालापासून तुटल्यासारखे वाटते. त्यामुळे वैद्यकीय देखरेख आवश्यक असते. दीर्घकालीन गैरवापराने व्यसन जडते व मूत्राशयास इजा होते.

== कायदा ==
भारतात केटामाइन २०११ पासून एनडीपीएस कायद्याच्या कक्षेत असून २०१३ मध्ये त्याचा समावेश औषध नियमांच्या ‘अनुसूची एक्स’मध्ये झाला. त्यामुळे पिंपरी-चिंचवड वा चाकणमधील औषध विक्रेत्यालाही त्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत दोन वर्षे जपून ठेवावी लागते. राज्यात या नियमांची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते.