मळणीयंत्रापासून हिमयंत्रापर्यंत

कॅनडातील क्वेबेक प्रांतात हिवाळ्यात हिमाने रस्ते बुजत आणि दुधाच्या गाड्या अडकून पडत. तेथील आर्थर सिकार या शेतकऱ्याच्या मुलाने कापणी-मळणीचे यंत्र चालताना पाहिले आणि त्याला वाटले, धान्याऐवजी हिम घातले तर? बऱ्याच खटपटीनंतर १९२५ साली त्याचे हिम फेकणारे यंत्र तयार झाले. १९२७ मध्ये मॉन्ट्रियलला लागून असलेल्या उत्रमाँ नगराने ते विकत घेतले.

हे ट्रकवरचे धूड रस्त्यासाठी होते. घराच्या दारात फावडेच राहिले. १० मीटर लांब व ३ मीटर रुंद वाटेवर २० सेंटिमीटर हिम साचले, तर ते ६ घनमीटर भरते. त्याची घनता पाण्याच्या एक दशांश धरली, तरी वजन होते ६०० किलो! कडाक्याच्या थंडीत ते उपसताना हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. १९५० नंतरच्या दशकात हाताने ढकलायची छोटी इंजिनाची यंत्रे आली, ती या गरजेतून.

त्यातले मळसूत्री पाते हिम मध्यभागी ओढते. मागचा पंखा ते नळीतून दूर फेकतो. दगड अडकला, तर मुद्दाम कमकुवत ठेवलेली पिन तुटते आणि दंतचक्रे वाचतात. हाताला मात्र अशी पिन नाही. ओले हिम तुंबले, की माणूस हात घालतो आणि बोटे गमावतो. इंजिन बंद करून काठीनेच ते मोकळे करायचे असते.

आपल्याकडेही मळणीयंत्रांनी असेच हात नेले. त्यासाठी १९८३ साली कायदा करावा लागला. हिम असो वा गहू, यंत्राची भूक तीच.