एकावन्नच्या पाढ्यातले रंग

नव्वदच्या दशकात वेबसाइटसाठी चित्रं करणाऱ्याला एक धास्ती कायम असे: आपला निळा दुसऱ्याच्या संगणकावर निळाच दिसेल ना? बहुतेक पडदे एका वेळी २५६च रंग दाखवत. त्यातले वीस विंडोज स्वतःसाठी राखून ठेवी आणि मॅकिंतोशची रंगपेटी निराळीच. पेटीत नसलेला रंग मागितला, की संगणक जवळपासच्या रंगांचे ठिपके मिसळून वेळ मारून नेई. सपाट पार्श्वभूमीवर पुरळ उठल्यासारखं दिसे.

तोडगा निघाला तो निव्वळ हिशेबाचा. पडद्यावरचा रंग लाल, हिरवा आणि निळा यांच्या मिश्रणातून होतो. प्रत्येकाच्या सहा पायऱ्या धरल्या तर ६ × ६ × ६ = २१६ रंग होतात. सात धरल्या तर ३४३, म्हणजे पेटीबाहेर. त्या सहा पायऱ्या अशा: ०, ५१, १०२, १५३, २०४, २५५. चक्क एकावन्नचा पाढा! नेटस्केप ब्राउझरने हा संच वापरला आणि लिंडा वाइनमन यांच्या १९९६च्या ‘डिझायनिंग वेब ग्राफिक्स’ने तो डिझायनरांच्या हाती दिला. ‘वेब-सेफ’ रंगांचा तक्ता मग धर्मग्रंथासारखा पाळला जाऊ लागला.

कुणा चित्रकाराने निवडलेले हे रंग नव्हतेच, आणि ते कळतही होतं. भडक हिरवे हवे तितके. फिकट छटांची मात्र वानवा. पांढऱ्याखालची पहिली राखाडी थेट २०४वर.

बरं, हे रंग तरी सगळीकडे सारखे दिसत होते का? मॅकचा गॅमा, म्हणजे आकड्यावरून उजळपणा ठरवणारा घातांक, १.८ आणि विंडोजचा साधारण २.२, त्यामुळे तोच आकडा विंडोजवर गडद दिसे. आकड्याला मोजलेल्या रंगाशी बांधणारं एसआरजीबी हे मानक एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६मध्येच मांडलं होतं, मॅक २.२वर आला तो २००९मध्ये. मधल्या काळात ६५,५३६ रंगांचे पडदे आले. सुबत्ता आली म्हणावं, तर नवीच पंचाईत: तिथे लाल-निळ्याला ३२ पायऱ्या, हिरव्याला ६४, आणि एकावन्नच्या पटी त्यांत नेमक्या बसेनात. २०००मध्ये डेव्हिड लेन आणि हॅडली स्टर्न यांनी तपासून पाहिलं, तेव्हा २१६पैकी खरोखर भरवशाचे २२च उरले.

पुढे कोट्यवधी रंगांचे पडदे सर्रास झाले आणि तक्ता अडगळीत गेला. २०१४मध्ये वेबपानांचं रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेच्या रंगनामावलीत ‘रेबेकापर्पल’ आला. सीएसएसचे जाणकार एरिक मायर यांची मुलगी रेबेका सहाव्या वाढदिवशी गेली, तिच्या आठवणीसाठी. या जांभळ्यात लाल १०२, हिरवा ५१, निळा १५३.