शुभप्रतीक म्हणून तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल

पारंपरिक काष्ठकलेतील शुभचिन्हांचा विचार करताना चिनी कोरीवकामाचे उदाहरण बोलके ठरते. तेथे वटवाघूळ शुभ मानले जाते, कारण वटवाघूळ आणि सौभाग्य या दोहोंसाठीच्या शब्दांचा उच्चार 'फू' असाच होतो. मासा आणि विपुलता यांचेही 'यू' या उच्चारात असेच साम्य आहे. ही शुभचिन्हे ती भाषा जाणणाऱ्यास कपाटातील वस्तूवरही वाचता येतात. विदर्भातील तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल मात्र असा वाचता येत नाही. त्याचे शुभत्व आकारात थोडे आणि विधीत अधिक आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

श्रावण अमावास्येस पोळा होतो. आदल्या दिवशी खांदमळणी, म्हणजे बैलाच्या खांद्यास तूप-हळद चोळणे. पोळ्यास झूल, बाशिंग, घुंगरमाळा आणि पुरणपोळीचा नैवेद्य. दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, मुले चाकांचा लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात. त्याची पूजा होते आणि मुलांना बोजारा मिळतो.

हा बैल घडविताना सुतार वशिंड, शिंगे आणि ताठ मान ठसठशीत काढतो. जू मात्र सहसा घडवीत नाही. पोळ्यास जिवंत बैलाच्या खांद्यावरही जू ठेवीत नाहीत. एरवी ओढणारा हा प्राणी येथे चाकांवर उभा राहतो आणि मुले त्याला ओढतात. श्रमातून मिळालेली ही एका दिवसाची मोकळीक हाच या प्रतीकाचा गाभा होय. केवळ 'शिवाचे वाहन' असे म्हटल्याने तो हाती येत नाही.

या प्रथेचा आरंभ परंपरेने नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांशी (मृत्यू १८१६) जोडला जातो. येथे थोडे थांबणे भाग आहे. डिसेंबर १८०३ च्या देवगाव तहानंतर वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड भोसल्यांकडून गेले आणि निजामाच्या अमलाखाली आले. बोरी अरबचा दारव्हा परिसर याच वऱ्हाडातला. प्रथा या तहानंतर सुरू झाली असे मानल्यास यवतमाळकडील तिच्या प्रसाराचे श्रेय दरबारी आज्ञेस देता येत नाही. शेतकरी, सुतार आणि पोरे यांनीच ती नदीपार नेली असावी. दरबाराने प्रतिष्ठा दिली असेल. पण राजाश्रय हेच लोककलेचे उगमस्थान मानण्याची आपली सवय फार जुनी आहे.

संग्रहात अशी वस्तू दाखल होते तेव्हा 'खेळणे, लाकूड' एवढ्या नोंदीवर तिची बोळवण होण्याचा धोका असतो. ती कोणत्या तिथीस बाहेर निघे, कोण ओढी, उंबऱ्यावर तिला काय वाहिले जाई, हे नोंदीत आले नाही तर उरते ते केवळ सागवान. ट्रॅक्टर आल्यापासून अनेक गोठे रिकामे झाले आहेत. बैलजोडी विकली गेलेल्या घरीही मुलाचा लाकडी बैल माळ्यावरून काढून, पुसून, प्रतिपदेस दारी उभा केला जातो.